उघडं अवतरणचिन्ह

लिफ्टदुरुस्तीच्या ऑफिसात मी कॉम्प्युटरवर लेबलं छापते. एका रकान्यात लिफ्टचा नंबर, दुसऱ्यात तपासणीची तारीख. फॉर्म्युला दोन्ही जोडतो. फॉर्म्युल्यातला मजकूर अवतरणचिन्हांत लिहितात, पण ती चिन्हं लेबलवर दिसत नाहीत. एक चिन्ह दिसायला हवं, तर ओळीने चार टाइप करावी लागतात. ऑफिसात हे फक्त मला येतं, म्हणून माझी कॉलर जरा ताठ असते. आणि उघडलेलं चिन्ह बंद केलेलं नसलं की माझ्या डोक्यात किडा वळवळतो. बाबा इथेच मेकॅनिक आहेत. ते मला ‘पूर्णविराम’ म्हणतात.

त्या दिवशी सकाळी ते चार नंबरच्या लिफ्टवर गेले होते. ऑफिसपासून अर्धा तास लांब.

लेबलं तपासताना चार नंबरच्या लिफ्टच्या ओळीत तारखेनंतर दिसलं: “पाणी दे गं, घसा

एवढंच. पुढे शब्द नाहीत, चिन्ह बंद नाही.

फॉर्म्युल्यात तसलं काहीच नव्हतं. रकान्यांतही नाही. मी ओळ पुसून पुन्हा लिहिली. शब्द परत आले.

ऑफिसात मला ‘गं’ म्हणणारं एकच माणूस आहे, बाबा. मी त्यांच्या कामावरच्या जोडीदाराला फोन लावला.

“शाफ्टमध्ये उतरलेत, ताई. शिट्टी ऐकू येतेय ना?”

येत होती. तीच बेसूर शिट्टी. माझा जीव भांड्यात पडला. कुणीतरी माझी फिरकी घेतंय, असं वाटून मी स्वतःलाच हसले. पण ते उघडं चिन्ह काही बघवेना. फॉर्म्युल्याच्या शेवटी मी चार चिन्हं टाइप केली. ‘घसा’नंतर एक उमटलं. घड्याळात अकरा दहा झाले होते.

लगेच दार ढकलून बाबा आत आले. हात ग्रीसने काळे. समोरच्या खुर्चीत टेकले.

“पाणी दे गं, घसा कोरडा पडलाय.”

“इतक्या लवकर कसे आलात?”

त्यांनी टेबलावरच्या पेल्याकडे बोट दाखवलं. मी पेला भरून त्यांच्यासमोर ठेवला.

फोन वाजला. जोडीदार होता.

“ताई, कमरेचा पट्टा सुटला... बाबा खाली... गेले हो.”

“काहीतरीच काय! बाबा इथे बसलेत.”

“माझ्यासमोर आहेत, ताई. अकरा दहाला पडले.”

मी वळले.

खुर्ची रिकामी होती. पेलाही. पेल्यावर बोटांचे काळे ठसे होते.

टेबल धरलं, तेव्हा नजर पडद्यावर गेली.

चिन्ह मी ‘घसा’नंतर लावलं होतं. आता तिथे वाक्य पूर्ण होतं, आणि माझं चिन्ह सरकून त्याच्या शेवटी गेलं होतं.