सव्विसावा मजला खाली येताना

खाडीकाठची ‘क्षितिज’ इमारत वरून एकेक मजला कापत उतरवली जात होती. तिची वीजजोडणी कधीच तोडली होती, तरीही तिच्यातून निघालेल्या तारेवर मजुरांच्या छावणीतले पंखे फिरत होते. चार्वीला हे कोडं सुटेना.

विचारायचं तर ओवीआत्याला. पण तिच्याशी अबोला होता. चार्वी सव्विसाव्या मजल्यावर वाढली होती, आणि ते घर पाडण्याचं काम अभियंता झालेल्या आत्याकडेच होतं.

शेवटी तिला राहवलं नाही. “वीज येते कुठून?”

“वरून,” आत्या म्हणाली. “भरलेली घागर माडीवर नेताना दम लागतो ना? ते श्रम वाया जात नाहीत. घागरीत स्थितिज ऊर्जा (उंचीमुळे साठलेली ऊर्जा) होऊन राहतात. ही इमारत बांधताना वाळू, सिमेंट, सळया अशाच वर चढवल्या. आता तुकडा उतरताना दोर ओढला जातो, दोराने चाक फिरतं आणि चाकाने जनित्र (वीज तयार करणारं यंत्र).”

“सगळी ऊर्जा परत मिळते?”

“नाही. थोडी घर्षणात उष्णता होऊन जाते. पण इमारत धाडकन पाडली असती, तर सगळीच आवाजात आणि धक्क्यात गेली असती.”

चार्वी म्हणाली, “पण पाडायचीच कशाला?”

“खाऱ्या हवेने आतल्या सळया गंजल्या. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे काँक्रीटला आतूनच तडे जातात. तुम्ही घरात असताना ती कोसळली असती तर?” आत्याचा आवाज खाली आला. “माझंही माहेर आहे गं ते.”

हे चार्वीच्या कधी मनातच आलं नव्हतं.

तेवढ्यात वर एक तुकडा सुटा झाला. त्यावर पिवळ्या फरश्या होत्या. त्यांचं स्वयंपाकघर.

“याची किती वीज होईल?”

“एका घराचा दिवस भागेल एवढी.”

“आणि हळू उतरवला तर कमी?”

“दर मिनिटाला कमी. पण मिनिटं जास्त. एकूण जवळजवळ तेवढीच.”

“मग हळूच उतरव, आत्या.”

आत्याने दोर सोडणाऱ्या माणसाला खूण करून वेग कमी केला. दोघी मान वर करून बघत राहिल्या. तुकडा अलगद जमिनीला टेकला, तेव्हा चार्वीने आत्याचा हात धरला होता.

शेजारी नव्या इमारतीचा पाया भरला जात होता. त्यातल्या सळया काळा दगड वितळवून काढलेल्या धाग्यांच्या होत्या, खाऱ्या हवेत न गंजणाऱ्या.