एकही तक्रार नाही

उषा कारखानीस यांच्या मेंदूत जे तालयंत्र बसवलेलं होतं, त्याचा प्रोग्रॅम त्या स्वतःच सांभाळत. ‘माझ्या डोक्याची किल्ली माझ्याच हातात आहे,’ असं त्या हसत सांगत, आणि तोच हात कपातला चहा बशीत सांडत असे.

तालयंत्राचं त्या काळात फारसं नवल उरलं नव्हतं. कंपवातात मेंदूतल्या पेशींचा एक गट एकाच ठेक्यात उगाच धडधडत राहतो आणि हातपाय थरथरतात. बारीक तार तिथवर नेऊन विजेचे हलके ठोके दिले की तो ठेका बराचसा मोडतो. कंपन्यांची महागडी यंत्रं होतीच, पण बाईंचा प्रकल्प मुक्त होता. प्रोग्रॅम सगळ्यांसमोर उघडा. कुणीही वाचावा, सुधारावा, चूक दिसली तर तक्रार टाकावी. दर उन्हाळ्यात विद्यार्थी अशा प्रकल्पांवर काम करत आणि एक जाणतं माणूस त्यांना हाताशी धरत असे. त्या वर्षी नाशिकच्या बाईंच्या वाट्याला आली मिरजेची अफसाना मुजावर, इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाची. भेट रोज पडद्यावर.

पहिला महिना बाईंनी तिचं काहीही पास केलं नाही. ‘चालतंय, पण का चालतंय ते तुला माहीत आहे का?’ एवढं लिहून काम परत. एकदा तर एका रिकाम्या ओळीवरून परत. ‘अम्मी, या बाईंना काही म्हणजे काही पसंत नाही,’ असं म्हणून अफसाना रडलीसुद्धा. मग एका दुपारी तिच्या लक्षात आलं, की बाईंचे प्रश्न आता ती स्वतःच स्वतःला आधी विचारते आहे. असं शिकवणारं माणूस नशीब असेल तरच भेटतं.

बाईंचा एक नियम होता. कुठलाही बदल आधी स्वतःच्या यंत्रात घालायचा, आठवडाभर वागवायचा आणि मगच मंजुरी द्यायची. ‘जे मी माझ्या डोक्यात घालणार नाही, ते दुसऱ्याच्या डोक्यात कशाला घालू?’ यावर कोण काय बोलणार? डॉक्टरांनाही या नियमाचं कौतुक होतं.

अफसानाचा बदल धाडसी होता. जुना प्रोग्रॅम आंधळेपणाने ठोके देत राही; तिचा प्रोग्रॅम आधी मेंदूचं ऐके आणि संशयास्पद ठेका सुरू होताच तेवढाच शांत करी. बाईंनी तो स्वतःवर लावला. आठवड्याने त्यांनी पडद्यासमोर काठोकाठ भरलेला कप एका हाताने उचलला आणि निवांत चहा प्यायल्या. थेंब सांडला नाही. अफसानाला हुंदका आवरेना. बाईंनी मंजुरी दिली आणि ज्या रुग्णांनी नाव नोंदवलं होतं, त्यांनी नवी आवृत्ती घेतली.

नंतर एकही तक्रार आली नाही. अफसाना हवेत होती.

त्याच तोऱ्यात तिने पुढचं काम घाईघाईत पाठवलं आणि मग कपाळावर हात मारला. चाचणीसाठी तिने सुरक्षेची एक तपासणी बंद केली होती, ती तशीच राहून गेली होती. आता बाई फाडून खाणार! पण उत्तर आधीच आलं होतं. ‘छान आहे. मंजूर.’

रिकाम्या ओळीवरून काम परत करणाऱ्या बाईंनी, तेही आठवडाभर न वागवताच? तिने तक्रारींचं पान उघडलं. गोंदियाचे निवृत्त स्टेशनमास्तर बिसेनकाका एका गोष्टीसाठी रोज भांडत: बॅटरी अर्धी असतानाच यंत्र ती संपल्याची शिट्टी वाजवतं. तो दोष अजून कुणी दुरुस्त केला नव्हता. तरी काका गप्प होते. तिने फोन लावला.

“काका, ती शिट्टी थांबली का?”

“नाही ना बेटा, आत्ताच वाजली.”

“मग लिहिलं नाहीत?”

“राहू दे ना. वाजते तर वाजते.”

अफसानाने बाईंना गाठलं. मनात शंभर मुद्दे तयार ठेवले होते. “मॅडम, जुनी आवृत्ती परत लावाल? अर्धा तासच.”

“लावते की. तू म्हणतेस ना!”

का, असं त्यांनी विचारलंसुद्धा नाही. अफसानाला त्या होकाराचीच भीती वाटली.

थोड्या वेळाने बाईंचा हात थरथरू लागला. त्यांनी शेवटचं मंजूर केलेलं काम उघडलं आणि कपाळावर आठी चढली.

“हे कुणी पास केलं?”

“तुम्हीच, मॅडम.”

बाईंनी तिचा आधीचा, ठेका ऐकणारा बदलही परत उघडून वाचला. मग म्हणाल्या, “काही चुकलं की मेंदूत एक लहर उठते. खटकलहर म्हणतात तिला. भात करपतोय, दार उघडं राहिलंय, हिशोब जुळत नाहीये; आधी ती उठते, कारण मागाहून कळतं. तिचा ठेका कंपाच्या ठेक्याशी मिळताजुळता असणार. तुझ्या प्रोग्रॅमने दोन्ही झोपवले.”

“म्हणजे चूक माझी.”

“तुझीच. पण ती पकडायचं काम माझं होतं, आणि मी ती डोक्यात घालून मग तपासायला बसले.”

“तुम्हाला कसं वाटत होतं, मॅडम?”

“फार छान. किती वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं गं. आत्तासुद्धा परत लावावंसं वाटतंय.” एवढं बोलून त्यांनी एका हाताने दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलं आणि आपली मंजुरी मागे घेतली. अफसानाला तिथेच त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

बाकीच्यांचं काय? यंत्र ज्याचं त्याच्या परवानगीशिवाय बदलता येत नसे. त्यासाठी एके काळी बाईच भांडल्या होत्या. त्यांनी सगळ्यांना कळवलं, आडपडदा न ठेवता: हात परत थरथरतील, घरच्यांशी बोला, नकार द्यायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. परत चहा सांडायला कोण तयार होणार, अशी दोघींनाही धास्ती होती.

तासाभरात सगळ्यांचे होकार आले. ‘ठीक आहे, जसं तुम्ही म्हणाल,’ बिसेनकाकांनी लिहिलं होतं. एकानेही प्रश्न विचारला नव्हता.

“झालं, मॅडम! सगळे हो म्हणाले.”

“मीही म्हणालेच होते,” बाई म्हणाल्या. “तेव्हा तू माझ्याकडे काहीही मागितलं असतंस, तरी म्हणाले असते. बटण दाब, अफसाना. दुसरा इलाज नाही. पण याला परवानगी म्हणू नकोस.”

तिने दाबलं.

सकाळी तक्रारींच्या पानावर पहिली तक्रार आलेली होती, बिसेनकाकांची. वेड्यावाकड्या अक्षरजुळणीत, निम्मी बटणं चुकत त्यांनी लिहिलं होतं: “नातवाला उचलून घेत होतो मी. कोणाला विचारून हे केलं?”