भामट्यांच्या दरबारातली माळ

"माझा निकेश चोर नाय," शशिकलाबाई म्हणाल्या आणि बळीरामांना गलबलून आलं. पोलिसात उभी हयात गेली, पण आईच्या डोळ्यांतलं पाणी त्यांना कधीच सोसलं नाही. त्यांची भाची मनस्वी मात्र शांतपणे गोदाम न्याहाळत होती. पनवेलात तिचं गुप्तहेराचं ऑफिस. मामा तिथे बिनपगारी.

द्रोणागिरीच्या या गोदामात चोर-भामट्यांच्या एका जुन्या संगीत नाटकाचा सिनेमा होत होता. मिठागराच्या गाण्यासाठी जमिनीवर मीठ पसरलेलं, मधोमध काळ्या फळ्यांचा चौथरा, त्यावर भामट्यांच्या राजाचं सिंहासन. तिथल्या डबीतली पुतळ्यांची माळ जेवणाच्या सुट्टीत नाहीशी झाली. माळ दिग्दर्शक कल्पेशच्या आजीची, खऱ्या सोन्याची.

"डबी या सामान मांडणाऱ्या निकेशने ठेवली," कल्पेश म्हणाला. "मग मी चौथरा पुसून घेतला. नंतर मिठाचा एक ठसा नाही, म्हणजे कोणी चढलंच नाही. यानेच रिकामी डबी ठेवली. संध्याकाळी पोलिसांना बोलावतो."

बळीरामांना ते पटलं. मनस्वीला नाही.

"डबी कुठे होती, ते एकेकाने वर जाऊन दाखवा."

निकेश बूट घालून चढला. मागे पांढरे ठसे. "डबीत माळ होती, ताई. देवाशपथ."

कल्पेशचेही ठसे उमटले.

मग अनंतबुवा. रंगभूमीवर जन्मभर हाच राजा गायले, सिनेमात द्वारपाल झाले. त्यांनी चपला खाली काढल्या, फळीला हात लावून कपाळाला नेला आणि चढले.

"सुट्टीत कुठे होतात, बुवा?"

"पेटीवर. सूर लावत होतो."

"राजाचं पद ऐकवता?"

"ते कापलं. लांबतं म्हणे. आणि पेटीचा भाता बिघडलाय."

मनस्वी मामांकडे वळली. "सिनेमावाल्यांना ही फळकुटं, मामा. बुवांना मात्र रंगमंच. ठसा न उमटवता वर जाणारा इथे एकच माणूस."

"अगं, ठसे लपवायला चपला कोणीही काढेल."

"काढेल की. पण दुपारी सूर लावलेल्या पेटीचा भाता आत्ता कसा बिघडला? उघडा बघू."

भात्यात माळ होती.

बुवा खाली मान घालून उभे राहिले. "विकायची नव्हती हो. शूटिंग अडलं असतं, तर माळेच्या बदल्यात पद परत मागणार होतो. पोराचं नाव येईल हे डोक्यातच आलं नाही."

ते उतरले, चपला विसरून तसेच मिठातून निकेशपाशी गेले आणि त्यांनी हात जोडले. बळीरामांना त्यांची कीव आली नि रागही आला.

शशिकलाबाईंनी तोंड फिरवलं. निकेश चौथऱ्यापाशी गेला, चपला उचलून आणल्या आणि बुवांच्या पायाशी ठेवल्या.

"घाला, बुवा. मिठानं पाय चरचरतान."