तीन पानं जास्त

पडद्यापलीकडे कुणीतरी हसलं.

प्रकाशकांच्या ऑफिसात मी पर्स मांडीवर धरून बसले होते. दुधी काचेतून दुपारचं ऊन झिरपत होतं, कोऱ्या कागदाचा वास हवेत तरंगत होता... आणि आता तो आवाज चक्क माझंच वाक्य वाचत होता — "तू नाहीस तर चंद्रही माझ्यासाठी विझलेला आहे!"

पुन्हा हसू.

मी ताडकन उठून पडदा सारला. आत संपादक होता. ऑफिसात सगळे त्याला 'कात्री' म्हणत, म्हणून मी कुणी टकलू, खडूस गृहस्थ गृहीत धरला होता. हा तर तिशीतला, कपाळावर केस, कानामागे पेन्सिल.

"तिथं वाचकानं रडायचं आहे," मी म्हणाले.

तो गडबडून उभा राहिला. "लेखिकाबाई? अरे बापरे... बसा ना, बसा."

"इतकं हसू येतं, तर वाचता कशाला?"

"चौथ्यांदा वाचतोय. पहिल्यांदा कामासाठी."

"आणि नंतर?"

त्यानं टेबलावरचा कप उगाचच इकडचा तिकडे ठेवला.

मग कामाचं बोलला. छपाई सोळा-सोळा पानांच्या फॉर्मनं होते. माझ्या कादंबरीचे दहा फॉर्म ठरलेले, म्हणजे एकशे साठ पानं. भरली होती एकशे त्रेसष्ट. पाच वाजेपर्यंत तीन पानं कमी झाली तर पुस्तक यंदा, नाहीतर पुढच्या वर्षी.

पुढच्या वर्षी! आईनं साऱ्या नात्यागोत्यात सांगून ठेवलेलं! मावशीनं तर कपाटातला एक कप्पाही रिकामा केला होता.

"कुठली तीन?"

त्यानं हातातली पानं माझ्यापुढे सरकवली.

"शेवटी नायक प्रेम व्यक्त करतो, ती?"

"प्रेम राहू द्या हो. भाषण काढा. तीन पानं बोलतो तो! नायिकेला बसायला खुर्ची तरी द्यायचीत."

हसू आलं होतं, पण मी ओठ घट्ट मिटले. "रोज सकाळी प्रार्थना झाली की एक पान, हा माझा नेम आहे. ही पानं म्हणजे माझे तीन दिवस आहेत."

त्याचं हसू विरलं. कानामागची पेन्सिल काढून त्यानं ती अलगद माझ्यापुढे ठेवली.

"मग मी हात लावत नाही. तुम्हीच काढा... आणि दिवस वाया नाही गेले. ती पानं लिहिलीत, म्हणून नायक तुम्हाला कळला. वाचकाला तो आधीच कळलाय."

मी खोडत गेले. चंद्र गेला, तारे गेले, एक अख्खा समुद्र गेला. तो समोर बसून खोडलेली पानं एकेक करून नीट रचत होता, जणू ती दुखतील...

साडेचार वाजले. एका ओळीपुरती जागा उरली.

"काहीतरी बोलायला हवंच ना त्यानं?"

"थोडक्यात."

"म्हणजे कसं? तुम्ही असतात तर?"

"मी?" त्याचे कान लाल झाले. पंख्याच्या वाऱ्यानं पानं फडफडली, त्यानं तळहातानं दाबून धरली. "मी म्हणालो असतो... तुमचं पुढचं पुस्तक दुसऱ्या कुणाच्या टेबलावर जाऊ नये. कधीच."

"पण —" माझा आवाज मलाच ऐकू येईना. "माझी नायिका पुस्तकं नाही लिहीत."

"नायिकेचं कोण बोलतंय?"

मी मान खाली घातली. नायकाला गप्पच ठेवलं. त्यानं नुसते तिचे दोन्ही हात हातात घेतले, बस्स. एकशे साठाव्या पानावर पूर्णविराम बसला.

संपादकानं ते पान वाचलं. या खेपेला हसला नाही.

"आणि माझं वाक्य?" हळूच म्हणाला. "आवडलं नाही?"

"ते छापायचं नाही," मी म्हणाले. "ते मला एकटीला हवंय."