तिसऱ्या रांगेतला दहावा

बस सुटायच्या आधी मी प्रवासी मोजत होते आणि तिसऱ्या रांगेपाशी माझा आकडा चुकला. खिडकीशी एक मावशी, शेजारी चष्मा पुसत बसलेला त्यांचा भाचा. त्याने चष्मा चढवला, माझ्याकडे बघितलं आणि हसला. नऊ... दहा की अकरा? मी मुकाट्याने पुन्हा पहिल्या रांगेपासून सुरुवात केली.

"परत आलात?"

"मोजणी चुकली."

"नजर तपासून घ्या. माझं चष्म्याचंच दुकान आहे."

"नजर उत्तम आहे माझी."

"मग माझ्यापाशी येऊनच कशी अडखळते?"

मावशींनी त्याला कोपराने ढोसलं. "लक्ष देऊ नकोस गं. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघतो, आणि लग्नाचं विचारलं की खाली बघतो."

मला लक्ष देऊन चालणारच नव्हतं. गेल्याच महिन्यात एका निवृत्त मास्तरांना कॉफीच्या दुकानात विसरून मी बस पुढे नेली होती. पुन्हा असं झालं तर गाइडचं काम बंद, असं साहेबांनी बजावलं होतं. आणि या कामावर माझा फार जीव होता. घाटाच्या वळणावर धुक्यातून अचानक बुरूज वर येतो, अडतीस माणसं बोलता बोलता गप्प होतात... ती शांतता मला दर वेळी नव्याने आवडायची.

म्हणून मी एक युक्ती काढली. तिसरी रांग आली की नजर खिडकीबाहेर. मावशी नऊ, तो दहा, पुढे चला. मावशी आहेत म्हणजे तो असणारच.

दुसऱ्या किल्ल्याच्या मनोऱ्यात मी सगळ्यांना ती खिडकी दाखवली. राणीने इथे सात वर्षं राजाची वाट पाहिली, असं सांगतात.

"सात वर्षं?" तो म्हणाला. "तिला लांबचं दिसत नसणार. राजा चार वेळा येऊन गेला असेल."

सगळे हसले. मीही हसले, हीच तर पंचाईत होती. उतरताना जिन्याचं दार बुटकं होतं. मी बोलण्याच्या नादात वाकायचं विसरले, तर माझं डोकं दगडावर आपटायच्या ऐवजी त्याच्या तळहातावर टेकलं.

"सांभाळा," तो हळूच म्हणाला. "मोजायला लागतं ते."

त्याच्या बोटांना दाराचा चुना लागला होता. मी आभार मानायचे सोडून पायऱ्या उतरत सुटले.

खाली पाऊस सुरू झाला होता. माणसं छत्र्या झटकत बसमध्ये चढली. मी मोजलं. मावशी नऊ, तो दहा... अडतीस. "चला मामा," मी ड्रायव्हरमामांना सांगितलं.

पाच वळणं गेल्यावर मावशींना जाग आली. "अगं, माझा भाचा मागे बसलाय का?"

तो मागे नव्हता. पुढेही नव्हता. मामांनी आरशातून माझा चेहरा पाहिला आणि काही न विचारता रुंद जागा बघून बस वळवली.

किल्ल्याच्या कमानीखाली तो नखशिखांत भिजून उभा होता. हातात माझा पिवळा झेंडा, प्रवाशांना मागे बोलावण्यासाठी मी उंच धरते तोच.

"राणीच्या खिडकीत राहिला होता," तो म्हणाला. "म्हटलं, तुम्हाला लागेल."

प्रवासी मागे राहिला की एक कागद भरावा लागतो. मी तो काढला, तसं त्याने माझ्या हातातून पेन घेतलं आणि लिहिलं, 'चूक माझी. न सांगता गेलो.'

काम वाचत होतं. सही करायचीच बाकी होती. पण माझा हात धजेना.

"नाही," मी म्हणाले. "मी तुम्हाला न मोजताच हिशोबात धरलं होतं."

"सदतीस जणांना मोजलंत. मलाच का नाही?"

बसमध्ये मावशींनी झोपेचं सोंग घेऊन डोळे घट्ट मिटले होते.

"तुमच्याकडे बघितलं की आकडा चुकतो," मी म्हणाले. "म्हणून... बघायचंच सोडलं होतं."

त्याने भिजलेला चष्मा पुसून पुन्हा चढवला. "झेंडा पहारेकऱ्याकडे देता आला असता," तो म्हणाला. "पण मला तो तुमच्याच हातात द्यायचा होता."

त्याची ओळ खोडून मी खरं ते लिहिलं आणि सही केली. साहेबांनी मला बसवरून काढून तिकीट-खिडकीत बसवलं. पहिल्या दिवशी माझी बस माझ्याशिवाय सुटली, तेव्हा मला रडू आवरलं नाही.

चौथ्या दिवशी काचेपलीकडून ओळखीचा आवाज आला. "रविवारच्या दोन जागा. तिसऱ्या रांगेतल्या."

"मावशी येणार?"

"नाही. ती म्हणते, तिचं काम झालं."

"मग दुसरी कोणाची?"

"तुमची. रविवारी ही खिडकी बंद असते, विचारून आलोय. मोजणी दुसरं कोणीतरी करेल... तुम्ही नुसतं माझ्याकडे बघायचं. आणि होकार दिलात तर पुढेही, कायम."

मी दोन तिकिटं फाडून दिली. मग मान वर करून पहिल्यांदाच त्याच्याकडे अगदी मनसोक्त बघितलं. त्याने खाली बघितलं नाही.