डोकं सोडून

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचली असती, तर त्यात स्वतःला इतकं वाईट दाखवलं नसतं.

ऑगस्टमधला मंगळवार होता. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातलं एक छोटं हॉस्पिटल, त्याचं तळघर. लोक मला विचारतात, रात्र होती ना?

नाही. दुपारचे सव्वाबारा वाजले होते.

मी तेव्हा मेडिकलच्या शेवटच्या वर्षाला होते. मला पॅथॉलॉजीच करायची होती, पण एका मोठ्या परीक्षेत मी एकदा नापास झाले होते. अशा मुलीला पुढची जागा मिळायची तर एकच वाट असते. परक्या हॉस्पिटलात चार आठवडे राबायचं आणि तिथल्या डॉक्टरांकडून शिफारसपत्र मिळवायचं.

कुठे जायचं याची यादी मी आणि माझी रूममेट डेल्फीन, आम्ही फ्रिजवर चिकटवली होती.

"बॉस्टनला जा," ती म्हणाली. "तिथे मायक्रोस्कोपमागे नुसती उभी राहिलीस तरी नाव होईल."

"तिथे माझ्यासारखे पन्नास उभे असतात गं. डोंगरात मुलांच्या हातात सुरी देतात."

"वा! मग मेलेल्यांचीच शिफारस घेऊन ये."

आम्ही खूप हसलो होतो.

तिथल्या डॉक्टर प्रेंटिस बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "खिशात हात घालून उभं राहणाऱ्यांना मी पत्र देत नाही. एक डोकं स्वतः उघडून दाखव. मग बोलू."

तीन आठवडे गेले. एकही डोकं माझ्या वाट्याला आलं नाही.

शेवटच्या आठवड्यात एकच प्रेत आलं. अर्ल मलिन्स. चाळीस वर्षं कोळशाच्या खाणीत काम केलेला माणूस. कोळशानं त्याच्या फुप्फुसांचं काय केलं, एवढंच त्याच्या बायकोला, लोरीनला, जाणून घ्यायचं होतं. परवानगीच्या कागदावर तिनं स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं... डोकं सोडून.

ती स्वतः तळघरात आली होती. हातात त्याचं खाणीतलं हेल्मेट. ते तिनं फडताळावर ठेवलं आणि माझं मनगट धरलं.

"छाती उघडा, पोट उघडा. डोक्याला हात लावायचा नाही, पोरी. चाळीस वर्षं रोज सकाळी हे मी त्याच्या डोक्यावर ठेवलं, आणि रोज संध्याकाळी डोकं शाबूत घरी आलं. आताही तसंच यायला हवं."

मी म्हटलं, "येईल, मॅम."

मंगळवारी छाती आणि पोट झालं. डॉक्टर मीटिंगला वर गेल्या. तळघरात मी, आणि तिथे तीस वर्षं प्रेतं उघडणारा, शिवणारा म्हातारा व्हर्जिल स्टॅम्पर.

"दोघांना खायला पेपरोनी रोल आणतो," तो म्हणाला. "तू इथल्या कशाला हात लावू नकोस. इथे येण्याआधी अर्ल आणि मी एका खाणीत होतो. छत कोसळलं की आतली माणसं पाइपवर ठोके द्यायची. तीन ठोके. आतून ठोके आले की समजायचं, आत कुणीतरी जिवंत आहे."

"आज नाही ना येणार ठोके?"

"गप गं. असली थट्टा करू नये इथे."

तो गेला.

शुक्रवारी माझे चार आठवडे संपणार होते. दुसरं प्रेत येईलच असं नव्हतं.

कागद मी वाचला होता. हे आज पहिल्यांदा सांगतेय... वाचला होता. वाटलं, कातडी परत शिवायची, वरून केस विंचरायचे. कुणाला कळतंय?

या कानापासून त्या कानापर्यंत सुरी फिरवली. कातडी पुढे ओढली. विजेची करवत लावली. कवटीची टोपी सुटत आली...

टक. टक. टक.

करवतीचाच आवाज असेल. मी ती बंद केली.

टक. टक. टक.

माझ्या डाव्या तळव्याखाली. कवटीच्या आतून.

मी हात काढायला गेले. हात निघेना.

आणि बंद केलेली करवत माझ्या उजव्या हातात आपोआप सुरू झाली...

"अगं, काय केलंस हे!"

दारात व्हर्जिल. त्यानं धावत येऊन भिंतीतली वायर उपटली.

करवत थांबली नाही.

तिनं माझा हात वर उचलला. व्हर्जिलच्या तोंडाकडे. त्यानं माझं मनगट दोन्ही हातांनी धरलं. "सोड ती! पोरी, सोड!" मी सोडतच होते हो... बोटं उघडत नव्हती.

मग फडताळावरून हेल्मेट निघालं.

ते पडलं नाही. ते आलं.

पहिला घाव त्याच्या कपाळावर. हाड मोडल्याचा आवाज मी ओळखते. दुसरा त्याच जागी. माझ्या चष्म्यावर गरम थेंब उडाले. तिसऱ्याला त्याची पकड सुटली, आणि करवत...

तेवढं मला आठवत नाही. देवाशपथ, आठवत नाही.

डॉक्टर आल्या तेव्हा व्हर्जिल जमिनीवर मरून पडला होता. करवत माझ्या पायाशी, थंड. हेल्मेट फडताळावर, कोरडं. रोलची कागदी पिशवी अजून गरम होती.

"मलिन्सचं डोकं कुणी उघडलं?" डॉक्टरांनी विचारलं.

पत्र. माझ्या डोक्यात फक्त ते पत्र होतं.

"व्हर्जिलनं," मी म्हणाले.

चौकशी झाली. ओल्या फरशीवर पाय घसरला, टेबलाची कड लागली, असं ठरलं. ती कड कपाळावरून कानापासून कानापर्यंत सरळ कशी फिरली, हे कुणी विचारलं नाही.

लोरीन नवऱ्याला न्यायला आली. त्याच्या केसांतून तिनं बोट फिरवलं. टाक्यांवर थांबली. माझ्याकडे बघितलं. मग हेल्मेट त्याच्या डोक्यावर ठेवलं.

जानेवारीत मुलाखत झाली. शिफारसपत्र बंद असतं, ते आपल्याला दिसत नाही. पण समोरचे गृहस्थ खुशीत होते, त्यांनी वाचूनच दाखवलं.

"'हिनं एका दुपारी दोन डोकी उघडली. दोन्ही स्वतःच्या हातानं.' कमाल आहे तुमची!"

मी बाहेर आले आणि तिथूनच डॉक्टर प्रेंटिसना फोन लावला.

"असं कसं लिहीन मी?" त्या म्हणाल्या. "त्या बाईला दिलेला शब्द तू पाळलास, डोक्याला हातसुद्धा लावला नव्हतास, असं लिहिलंय. तूच सांगितलंस ना तसं?"

मेलेल्यांचीच शिफारस घेऊन ये, असं डेल्फीन म्हणाली होती.

त्या पत्रावर मला जागा मिळाली. आज मी तिथेच डॉक्टर आहे. माझ्या डोक्यावर, या कानापासून त्या कानापर्यंत, बोटभर पट्ट्यात केस उगवत नाहीत. आणि दर ऑगस्टात ठोके येतात. आतून. इतकी वर्षं ते फक्त मला ऐकू यायचे.

गेल्या मंगळवारी एक विद्यार्थिनी आली होती. बाहेरच्या कुठल्या हॉस्पिटलात जाऊ, विचारत होती. यादी तिनं माझ्यापुढे ठेवली. वरून दुसरं नाव डोंगरातल्या त्याच हॉस्पिटलचं होतं. ते वाचून मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिनं मान वर केली.

"डॉक्टर," ती माझ्या कपाळाकडे बघत म्हणाली, "हा टकटक आवाज कुठून येतोय?"