पाकिटात परत गेलेल्या चिठ्ठ्या

मावशीची दाढ ठणकायला लागली म्हणून त्या गुरुवारी काउंटरवर मी बसले, आणि नेमका तोच आत आला. पोहायला शिकवतो म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणतात. पाच महिन्यांपूर्वीपर्यंत मीही म्हणायचे, जरा वेगळ्या सुरात.

मला पाहून तो दारातच थबकला. केस ओले, कॉलरवर पाण्याचे थेंब... आणि माझं मन लगेच पाघळायला लागलं. इतकी चीड आली मला स्वतःची!

"मावशी नाहीत?"

"दाताच्या डॉक्टरकडे. पॅन्टच न्यायचीय ना?"

आमचं कपडेदुरुस्तीचं दुकान. काउंटर मावशीचं, मागच्या खोलीतलं मशीन माझं. मावशीशी ओळख व्हावी म्हणून मी याला जेवायला बोलावलं, तर हा पठ्ठ्या आलाच नाही. फोनसुद्धा नाही! मी कडाकडा भांडले, नंबर बदलला आणि दुकानात दिसलास तर कात्री फेकून मारीन, असं बजावलं. संपर्क संपला.

पण गेल्या महिन्याभरात त्याची करडी पॅन्ट तीनदा दुरुस्तीला आली. गुरुवारी मी धागे-बटणं आणायला बाहेर असते, हे त्याला पक्कं माहीत. डावा पाय अर्धा इंच आखूड — ते माप मी झोपेतही ओळखेन. दर वेळी तीच शिवण उसवलेली, तीही ब्लेडने कापल्यासारखी. मी दातओठ खात शिवून द्यायचे.

आताही पॅन्ट त्याच्यासमोर ठेवली. तिला टाचलेलं पाकीट पाहून तो भडकलाच.

"हीपण परत? तीन चिठ्ठ्या लिहिल्या मी! नको होत्या तर फाडून टाकायच्यास. स्टेपल मारून अपमान कशाला करायचा?"

"चिठ्ठ्या?... खिशातल्या?"

"नाहीतर कुठल्या!"

मी कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या, गिऱ्हाइकाच्या खिशातला कागद आम्ही उघडत नाही! घडी न मोडता पाकिटात घालायचा आणि कपड्याला टाचायचा. मावशीचा नियम आहे. मला वाटलं, सामानाची यादी असेल."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा!"

"आणि ती शिवण बघून काय वाटलं?"

"तुला धड बसता येत नाही, असं वाटलं!"

तो हसला. मग पाकीट माझ्याकडे सरकवत म्हणाला, "आता तरी वाच."

"मुळीच नाही. तोंडाने सांग."

त्याचे कान लाल झाले. "पहिलीत... त्या दिवशी मी आलो होतो. कोपऱ्यापर्यंत. मावशी काय काय विचारतील, या धास्तीने मागे फिरलो."

"दुसरीत?"

"चुकलो. फोन तरी करायला हवा होता."

"आणि हिच्यात?"

"तुझ्याशिवाय करमत नाही — एवढंच. खाली माझा नंबर. तोच आहे अजून."

"पाठ आहे मला!" मी वैतागून म्हणाले. "पाच महिने विसरायचा प्रयत्न करतेय, डोक्यातून जातच नाही मेला!"

मी फोन काढून नंबर फिरवला. त्याच्या हातातला फोन वाजला. तो खुळ्यासारखा अनोळखी आकड्यांकडे बघत राहिला.

"उचल की! का तेही मीच करू?"

त्याने फोन कानाला लावला. मी पाठ फिरवली, कारण डोळे भरून आले होते आणि ते त्याला दाखवायचे नव्हते.

"मलाही नाही करमत," मी फोनमध्ये म्हणाले. "रविवारी जेवायला ये. कोपऱ्यापर्यंत आलास की थांब... पुढे मी न्यायला येते."